अडला की बुजला? : घोड्याला गाडीत चढवण्याचा अडीच हजार वर्षांचा इतिहास

१/ हट्टी माणसाला मराठीत ‘अडेलतट्टू’ म्हणतात. तट्टू वाटेत अडते, मालक चाबूक उगारतो आणि दोष तट्टाच्या स्वभावावर जातो. याच भाषेत घोड्यासाठी आणखी एक क्रियापद आहे : ‘बुजणे’. बुजलेला घोडा हट्टी नसतो, तो भ्यालेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घोडे सारखेच दिसतात. पाय रोवलेले, मान ताठ, कान मागे. परंतु एकाला शिक्षा द्यावीशी वाटते आणि दुसऱ्याला धीर. घोड्याला जहाजात, डब्यात किंवा गाडीत चढवण्याचा सारा इतिहास या दोन क्रियापदांमधल्या अंतरात घडला आहे.

२/ हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण घोडा आजारी पडला की तो जीवनमरणाचा होतो. घोड्याला पोटशूळ झाला, आतड्याला पीळ पडला, तर शस्त्रक्रियेसाठी हाती मोजके तास असतात. घोड्याला उलटी होत नाही. पोटात साचलेले वर फेकून मोकळे होण्याची वाट निसर्गाने त्याला दिलेली नाही. अशा वेळी पशुवैद्य सांगतो, “ताबडतोब रुग्णालयात हलवा.” गाडी दारात येते, फळी खाली पडते आणि घोडा फळीच्या तोंडाशी थांबतो. त्या क्षणी उपचार आणि मृत्यू यांच्यामध्ये उरते ती केवळ आठ-दहा फुटांची चढण.

३/ घोडा थांबतो का? त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. साधारण ४०० ते ५०० किलो वजनाचा हा प्राणी मुळात मोकळ्या गवताळ प्रदेशातला. धोका दिसताच पळणे हेच त्याचे शस्त्र. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते, पण नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या दृष्टीला सरावायला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. आता त्याच्या बाजूने गाडीकडे पाहावे. समोर अंधारी, अरुंद पोकळी. पायाखाली पोकळ आवाज करणारी, किंचित हलणारी जमीन. वळायला जागा नाही आणि मागे माणसांची गर्दी. ज्या प्राण्याचा जीव पळण्यावर तगला, त्याला पळण्याची प्रत्येक वाट बंद असलेल्या खोलीत शिरायला सांगितले जाते.

४/ इतिहासात बराच काळ हा प्रश्न जमिनीवर उद्भवलाच नाही. घोडा वाहणारा होता, त्याला वाहून नेण्याची कल्पनाच विपरीत होती. मोहिमेवर निघालेला घोडा स्वतःच्या टापांवर जाई. मराठ्यांच्या बारगिरांचे आणि शिलेदारांचे घोडे पावसाळ्यानंतर छावण्या सोडून शेकडो कोस चालत जात आणि चालतच परत येत. जो चालू शकत नसे, तो वाटेत राही. अपवाद एकच : समुद्र. त्यामुळे अवघड घोड्याला चढवण्याची विद्या माणसाने प्रथम बंदरावर शिकली.

५/ इसवी सनपूर्व ४३० मध्ये पेरिक्लीझच्या नेतृत्वाखाली अथेन्सच्या आरमाराने पेलोपोनीसवर स्वारी केली. तिच्यात ३०० घोडेस्वार होते. थ्युसिडिडीझ या इतिहासकाराने नोंदवले आहे की या वेळी अथेन्सने जुन्या जहाजांत फेरफार करून प्रथमच खास घोडेवाहू जहाजे तयार केली. इराणी आरमाराकडे अशी जहाजे त्याही आधीपासून होती. म्हणजे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातच शेकडो घोड्यांना पाण्यावर डोलणाऱ्या लाकडी पोटात नेण्याची व्यवस्था उभी राहिली होती.

६/ त्याच ग्रीक जगात झेनोफोन हा सेनानी आणि लेखक होऊन गेला. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात त्याने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यातली दोन तत्त्वे आजही टिकून आहेत. पहिले : घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये. दुसरे : एखाद्या वस्तूला घोडा बुजला, तर ती वस्तू निरुपद्रवी आहे हे त्याला कळू द्यावे. माणसाने स्वतः तिला हात लावावा आणि घोड्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावे. बळजबरीने मारत नेले, तर भीती दुणावते, कारण होणाऱ्या वेदनेचे कारण ती वस्तूच आहे, अशी घोड्याची समजूत होते. गाडीच्या फळीवर चाबकाने घोडा का चढत नाही, याचे उत्तर सुमारे २४०० वर्षांपूर्वी असे लिहून ठेवलेले आहे. पुढची शतके ते विसरण्यात आणि पुन्हा शोधण्यात गेली.

७/ मध्ययुगीन युरोपने या प्रश्नाला सुतारकामाने उत्तर दिले. १२०१ साली चौथ्या धर्मयुद्धासाठी व्हेनिसशी करार झाला. त्यात ४,५०० सरदार आणि तितकेच घोडे वाहून नेण्याची तरतूद होती. घोडेवाहू जहाजांच्या बाजूला दार असे. दारातून पूल टाकला की घोडा उंच काठावरून उडी न मारता चालत आत जाई. १२४८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या नवव्या लुईच्या मोहिमेसाठी निघालेल्या झ्वाँव्हीलने मार्सेय बंदरातले असे एक दृश्य लिहून ठेवले आहे. जहाजाचे दार उघडले, घोडे आत नेले, मग दार लावून त्याच्या फटी पक्क्या बुजवल्या, कारण समुद्रात गेल्यावर ते दार पाण्याखाली जाणार होते.

८/ झ्वाँव्हीलच्या या नोंदीत एक मोठा धडा आहे. घोड्याला उचलण्यापेक्षा वाट सपाट करणे सोपे असते. फळीचा चढ जितका कमी, पाय जितका घट्ट टेकेल आणि दार जितके रुंद, तितका विरोध कमी. आज ग्रामीण महाराष्ट्रात घोडा ट्रकमध्ये चढवताना ट्रकची मागची बाजू एखाद्या उंचवट्याला किंवा बांधाला लावतात. मार्सेयच्या सुतारांनी वापरलेले तत्त्वच तेथे मातीने साधले जाते.

९/ अरबी समुद्रावर मात्र इतकी सोय नव्हती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझची जहाजे पाहिली. तळाशी माल भरायचा, त्यावर कातडी पसरायची आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करून हिंदुस्थानात विकायला आणायचे, अशी ती पद्धत होती. हा व्यापार किती मोलाचा होता, याची खूण त्याच्या ठाण्याच्या वर्णनात सापडते. तेथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता : लुटीतला बाकी माल चाच्यांचा, पण जहाजावरचे घोडे राजाचे. पुढे १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगीजांनी घोड्यांची जहाजे गोव्याकडे वळवली. विजयनगर आणि विजापूर या दोन्ही सत्तांना घोडे हवे असत, आणि त्यांवरची जकात गोव्याच्या तिजोरीचा मोठा आधार झाली.

१०/ मार्को पोलोच्या वर्णनात एक काळी बाजूही आहे. कोरोमंडल किनाऱ्यावर आलेले घोडे मोठ्या संख्येने मरत. त्याच्या सांगण्याप्रमाणे तेथे घोड्यांवर उपचार करणारे जाणकार नव्हते, आणि घोडे विकणारे व्यापारी अशा जाणकारांना तिकडे जाऊही देत नसत. घोडा मेला की नवा विकला जाई. हे परदेशी प्रवाशाने सांगितलेले चित्र आहे आणि ते जसेच्या तसे साऱ्या देशाला लावता येत नाही. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्ववैद्यकाची परंपरा, नकुलाच्या नावाचा ‘अश्वचिकित्सा’ ग्रंथ आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ येथलेच. ‘सलोत्री’ हा घोड्यांच्या वैद्याचा शब्द शालिहोत्राच्याच नावावरून आला आणि इंग्रजी फौजेच्या काळापर्यंत वापरात राहिला. तरी एक गोष्ट उरतेच. विद्या ग्रंथात असून भागत नाही. वैद्य घोड्यापर्यंत किंवा घोडा वैद्यापर्यंत पोहोचावा लागतो.

११/ वैद्याने घोड्याकडे जायचे, हीच जुनी रीत होती. सलोत्री पागेत येई, नालबंद दारात येई. अठराव्या शतकात ही दिशा हळूहळू पालटू लागली. क्लोद बूर्जला याच्या प्रयत्नांतून १७६१ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथे पशुवैद्यकाच्या शाळेला मान्यता मिळाली. आधुनिक पशुवैद्यक शिक्षणाचा आरंभ येथून मानतात. शाळा आली की तिच्याबरोबर शवविच्छेदनाची जागा, औषधशाळा आणि आजारी जनावरांचे कोठेही आले. ही साधने पागेत नेता येत नव्हती. घोड्यालाच तेथे नेणे भाग होते.

१२/ याच काळात इंग्लंडमध्ये ‘एक्लिप्स’ नावाचा घोडा गाजत होता. १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला हा घोडा १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. १७८८ मध्ये त्याला एप्समहून मिडलसेक्समधील कॅनन्स येथे हलवायचे ठरले, तेव्हा त्याचे खूर इतके खराब झाले होते की एवढे अंतर चालणे त्याला झेपले नसते. म्हणून त्याच्यासाठी खास गाडी तयार झाली. ती दोन घोडे ओढत होते आणि आत एक्लिप्सबरोबर त्याचा मोतद्दार होता. आयुष्यभर इतरांना मागे टाकणारा घोडा म्हातारपणी दोन घोड्यांच्या मागे प्रवास करीत होता.

१३/ फेब्रुवारी १७८९ मध्ये एक्लिप्स पोटशूळाने मेला. लिऑनच्या परंपरेत शिकलेला व्हियाल द सँबेल हा फ्रेंच पशुवैद्य तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने एक्लिप्सचे शवविच्छेदन केले, प्रत्येक अवयवाची मापे घेतली आणि त्यातून त्याचे नाव झाले. १७९१ मध्ये लंडनला पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा सँबेल त्याचा पहिला प्राध्यापक झाला. एकाच घोड्याच्या अखेरच्या वर्षभरात घोडा वाहून नेणारी गाडी आणि इंग्लंडमधील पशुवैद्यक शिक्षण या दोन्ही गोष्टी अशा एकत्र आल्या.

१४/ गाडीचा खरा बोलबाला मात्र १८३६ मध्ये झाला, आणि त्यामागे उपचार नव्हते, पैज होती. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक याला ‘एलिस’ हा घोडा डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीत उतरवायचा होता. शर्यतीला थोडेच दिवस उरले असताना घोडा अजून दक्षिणेत गुडवूडलाच होता. अंतर सुमारे २५० मैल. चालत यायला किमान दोन आठवडे लागणार, म्हणून पैजवाल्यांनी एलिसला हिशेबातून वगळले आणि त्याच्यावरचा भाव वाढला. बेंटिंकने आतून गाद्या लावलेली मोठी गाडी बनवून घेतली होती. टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत ती दिवसाला सुमारे ८० मैल धावली. एलिस ताजातवाना पोहोचला आणि शर्यत जिंकला.

१५/ या कथेत पैजेची चतुराई सर्वांना आठवते, पण गाडीच्या आतली व्यवस्था अधिक बोलकी आहे. एलिसबरोबर ‘ड्रमर’ नावाचा दुसरा घोडा होता. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा घोडा अंधाऱ्या पोकळीत शिरताना जितका घाबरतो, तितका आपला सोबती आत शांत उभा दिसला की घाबरत नाही. आजही अवघड घोड्याला नेताना आधी सरावलेला घोडा चढवतात, तो याच कारणाने. भिंतींना लावलेल्या गाद्यांचेही तेच. धक्का लागला तरी दुखू नये, म्हणजे दुसऱ्या खेपेला त्या धक्क्याची आठवण आड येत नाही. पुढे आगगाडीबरोबर घोड्यांचे स्वतंत्र डबे आले, त्यांतही घोड्यांसाठी गादीचे कप्पे आणि शेजारी मोतद्दाराची जागा असे.

१६/ गाडी सुधारली, पण माणसाचा हात कधी सुधारणार? १८५८ मध्ये अमेरिकेच्या ओहायोतला जॉन सॉलोमन रेरी लंडनमध्ये होता. त्याच्यापुढे ‘क्रूझर’ नावाचा घोडा होता. तो इतका हिंस्र झाला होता की त्याच्या तोंडावर लोखंडी मुसके चढवून ठेवलेले असे. रेरीने काही तासांत त्याला हाताळण्याजोगे केले. राणी व्हिक्टोरियासमोर त्याचे प्रयोग झाले आणि त्याचे शिकवणीचे वर्ग तुडुंब भरू लागले. रेरीचे म्हणणे असे की घोड्याला जे पूर्ण समजते आणि जे त्याच्या स्वभावाशी जुळते, त्याला तो विरोध करीत नाही. भीतीदायक वस्तू त्याला हुंगू द्यावी, स्पर्श करू द्यावा. जिच्यापासून वेदना होत नाही, तिची भीती तो सोडून देतो.

१७/ रेरीची पद्धत पूर्णपणे मृदू होती, असे म्हणता येत नाही. तो घोड्याचा पुढचा पाय पट्ट्याने दुमडून बांधी, घोडा थकून खाली बसला की त्याला गोंजारत राही. आजच्या अभ्यासकांना त्यातली असहायता खटकते. तरीही इतिहासाच्या दृष्टीने एक पालट महत्त्वाचा आहे. ‘हा घोडा दुष्ट आहे’ या निदानाच्या जागी ‘हा घोडा भ्यालेला आहे’ हे निदान हजारो लोकांसमोर मांडले गेले. झेनोफोनचे जुने सूत्र व्हिक्टोरियन लंडनमध्ये पुन्हा ऐकू आले. ज्या क्रूझरला मारून टाकणे हाच उपाय समजला जाई, तो रेरीबरोबर अमेरिकेला गेला आणि रेरीच्या मृत्यूनंतरही जगला.

१८/ जो घोडा चढू शकतो पण चढत नाही, त्याचा हा विचार झाला. ज्याला पायच टाकता येत नाही, त्याचे काय? शहरांत ट्राम आणि गाड्या ओढणारे घोडे रस्त्यावर घसरून पडत आणि तिथेच तडफडत. न्यूयॉर्कमध्ये हेन्री बर्ग याने १८६६ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध संस्था स्थापन केली आणि १८६७ मध्ये तिने जखमी घोड्यांसाठी रुग्णवाहिका सुरू केली. त्याच शहरातील बेलव्ह्यू रुग्णालयाची माणसांसाठीची रुग्णवाहिका त्यानंतर दोन वर्षांनी आली. घोड्यांच्या या गाडीचा तळ बाहेर सरकवून जमिनीशी टेकवता येई आणि पडलेल्या घोड्यासह पुन्हा आत ओढून घेता येई. घोडा गाडीकडे जाऊ शकत नसेल, तर गाडीची जमीनच घोड्याखाली जावी, ही ती कल्पना. पुढे १८७५ मध्ये बर्गने घोडे उचलण्यासाठी जाड कापडाची झोळीही तयार केली.

१९/ मुंबईतही हे शतक असेच पालटत होते. अरबी घोड्यांचा व्यापार शहरात रुजला होता, रस्त्यांवर घोडागाड्या आणि ट्रामचे घोडे होते. १८७४ मध्ये येथे प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था उभी राहिली. त्यानंतर दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटीट प्राणी रुग्णालय उभे राहिले आणि १८८४ मध्ये सुरू झाले. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि जॉन हेन्री स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. शहरातल्या आजारी घोड्याला आता जायला एक ठिकाण मिळाले. रुग्णालय एका जागी उभे राहिले की तेथपर्यंतची वाट हा उपचाराचाच पहिला टप्पा होतो.

२०/ या टप्प्याची सर्वांत मोठी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. १९१४ च्या शरद ऋतूत भारतीय घोडदळ समुद्रमार्गे फ्रान्सला गेले. पूना हॉर्स ही पलटण त्यात होती. ही जहाजे लागली ती मार्सेयला. ज्या बंदरात १२४८ मध्ये जहाजाच्या दाराच्या फटी बुजवून घोडे पूर्वेकडे गेले होते, त्याच बंदरात आता पूर्वेकडून आलेले घोडे उतरत होते. पुढचा प्रवास आगगाडीने. फ्रेंच मालडब्यांवर क्षमता लिहिलेली असे : माणसे ४० किंवा घोडे ८.

२१/ जखमी घोड्यांसाठी आघाडीजवळ फिरती पशुवैद्यक पथके होती. घोड्याला प्रथमोपचार करून ती त्याला रेल्वेच्या टोकापर्यंत पोहोचवत आणि तेथून तो मागच्या तळावरच्या रुग्णालयात जाई. चालू न शकणाऱ्या घोड्यांसाठी मोटारीवरच्या रुग्णवाहिका आल्या, कालव्यांतून सपाट होड्याही वापरल्या गेल्या. पश्चिम आघाडीवर ब्रिटिश पशुवैद्यक दलाकडे सुमारे २५ लाख वेळा जनावरे उपचारांसाठी दाखल झाली आणि त्यांपैकी जवळपास ८० टक्के पुन्हा कामावर परतली, असे सांगतात. १९१८ मध्ये या दलाला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. त्या आकड्यामागे काय असेल? तोफांच्या आवाजाने आधीच बुजलेला, जखमी घोडा, आणि त्याला अंधाऱ्या डब्याच्या फळीवर पाय ठेवायला लावणारा एक शिपाई. असे लाखो वेळा.

२२/ विसाव्या शतकाच्या अखेरीस हा विषय प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला. २००१ मध्ये फर्ग्युसन आणि रोझालेस-रुइझ या अमेरिकेतील संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. गाडीत चढायला त्रास देणाऱ्या पाच घोड्या निवडल्या. त्यांना प्रथम एका खुणेच्या वस्तूला नाक लावायला शिकवले. नाक लावले की खाऊ. मग ती वस्तू थोडी थोडी गाडीकडे आणि शेवटी गाडीच्या आत सरकवत नेली. घोड्या आपणहून चढू लागल्या, अडणे आणि झटके देणे थांबले. पुढे दुसरी गाडी आणि दुसरा माणूस असतानाही हा सराव टिकला. पाच हा आकडा लहान आहे, पण झेनोफोनचे मत येथे मोजून पाहिले गेले.

२३/ इतक्या शतकांच्या अनुभवाचे सार आजच्या सुरक्षित पद्धतीत उतरले आहे. गाडी सपाट जागी, घसरणार नाही अशी उभी करावी. शक्य असल्यास एका बाजूला भिंत असावी. आतला आडवा पडदा सरकवून जागा रुंद करावी, पुढचे दार किंवा खिडकी उघडून आत उजेड येऊ द्यावा, फळीवर पेंढा किंवा चटई टाकावी. घोडा नेणाऱ्याने हातमोजे घालावेत, डोक्यावर शिरस्त्राण ठेवावे, लांब दोरी वापरावी आणि ती हाताला कधीही गुंडाळू नये. घोड्याच्या थेट पुढे किंवा थेट मागे उभे राहू नये, खांद्याच्या बाजूला राहावे. घोड्याने एक पाऊल पुढे टाकले की दोरीचा ताण लगेच सैल करावा. तो सैल हातच घोड्याला ‘बरोबर’ असे सांगतो. ताण तसाच राहिला, तर पुढे जाण्याचा लाभ त्याला कधीच कळत नाही.

२४/ एक क्रम मात्र अटळ आहे. घोडा आत गेला की आधी मागचा अडसर लावायचा आणि मग डोके बांधायचे. उतरवताना आधी डोके सोडायचे आणि मग मागचा अडसर काढायचा. कारण साधे आहे. बांधलेल्या घोड्याला मागे मोकळी जागा वाटली की तो मागे झेपावतो. म्होरकी ताणली जाते, तो आणखी घाबरतो आणि फळीवर कोसळतो. माणसे जखमी होतात तीही बहुधा अशाच वेळी. भूल किंवा गुंगीचे औषध द्यायचेच झाले, तर ते पशुवैद्यानेच द्यावे. गुंगीतला घोडा तोल सांभाळू शकत नाही आणि शांत दिसत असतानाच अचानक लाथ झाडू शकतो. भारतात जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियमही प्रवासाआधी पशुवैद्याच्या दाखल्याची अट घालतात.

२५/ तरीही या साऱ्या उपायांची एक मर्यादा आहे. ते निकडीच्या रात्री शिकवता येत नाहीत. पोटशूळाने तळमळणाऱ्या घोड्याला गाडीची ओळख करून द्यायला कोणाकडेच वेळ नसतो. म्हणून जाणते तबेलेवाले निरोगी दिवसांत गाडी अंगणात उभी करतात, फळी खाली टाकतात आणि घोड्याला त्या फळीवर रोजचा चारा घालतात. आज पुढचे दोन पाय, उद्या चारही. मग आत दोन मिनिटे आणि बाहेर. कुठेही न जाता परत येणे हाच त्या सरावाचा गाभा. दर वेळी गाडीचा शेवट सुईत किंवा शर्यतीत झाला, तर घोड्याची शंका रास्तच ठरते.

२६/ अथेन्सच्या जुन्या जहाजांपासून हॉर्स फ्लोटपर्यंत माणसाने लाकूड, लोखंड, गाद्या, झोळ्या आणि मोटारी वापरून पाहिल्या. प्रत्येक सुधारणेने घोड्याच्या भीतीचे एकेक कारण दूर केले : चढ कमी झाला, अंधार कमी झाला, एकटेपणा कमी झाला, वेदना कमी झाली. जिथे कारण न शोधता चाबूक चालला, तिथे वेळही गेला आणि घोडाही गेला. फळीच्या तोंडाशी थांबलेल्या घोड्यासमोर आजही पहिला प्रश्न तोच असतो : हा अडला आहे की बुजला आहे? त्याचे उत्तर शोधायला लागणारी दोन मिनिटे सहसा वाया जात नाहीत.